बुधवारचं स्टूल

“आई, कॉलेजच्या गेटवर तुझा फोटो आठ फूट उंच लावलाय. मग तुझ्या खोलीच्या दारावर तुझ्या नावाची पाटी का नाही?”

प्रश्न विचारला भोंग्याने, पण पैज लावली होती पेन्सिल आणि घारी या तिच्या दोन मैत्रिणींनी. नववीचा अख्खा वर्ग त्या दिवशी मेडिकल कॉलेज बघायला आला होता. गेटपाशी बस थांबली आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. पांढरा कोट घातलेली भोंग्याची आई सूक्ष्मदर्शकाशेजारी उभी राहून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हे कॉलेज सर्वांचं’. पेन्सिल म्हणाली, “काकूंचा एक दात माझ्या वहीएवढा आहे गं.” मग सगळे वर पॅथॉलॉजीच्या मजल्यावर गेले. तिथे घारीच्या घाऱ्या डोळ्यांनी बरोबर हेरलं, की बाकीच्या दारांवर चकचकीत पितळी पाट्या आहेत आणि काकूंच्या दारावर नुसता चौदा नंबर.

“विचार की,” घारी कुजबुजली. “सगळ्यांसमोर. विचारलंस तर आठवडाभर बसमधली खिडकी तुझी.”

दोन वर्षांपूर्वी कुणी अशी पैज लावली असती तर फुकट गेली असती. पाचवीत आल्या आल्या कुणीतरी हिच्या बोलण्याची नक्कल करून वर्ग हसवला होता, कारण हिच्या घरच्या बोलण्याचे हेल वेगळे होते. तेव्हापासून तीन वर्षं ही मुलगी ‘हजर’ सोडून वर्गात काही बोलली नव्हती. मग आठवीत एके दिवशी प्रार्थनेनंतर बातम्या वाचणारी मुलगी आजारी पडली. बाईंनी हिला उभं केलं, नेमका माइक बिघडला, आणि तरीही हिचा आवाज मैदानाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचला. त्या दिवसापासून हिचं नाव भोंगा. आणि त्या दिवसापासून हिला बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नाही.

तर भोंग्याने विचारलं. चाळीस मुलं, दोन बाई, काचेच्या बरण्यांची रांग आणि विभागाच्या हेडबाई, एवढ्या सगळ्यांसमोर. हेडबाईंना अख्खं कॉलेज पाठीमागे ‘घड्याळ’ म्हणायचं, कारण त्या कधी मिनिटभर लवकर आल्या नाहीत की उशिरा गेल्या नाहीत.

आई म्हणाली, “पाटीला खिळे लागतात, आणि खिळे ठोकायला वेळ लागतो. चला, इकडे या, या बरणीत काय दिसतंय सांगा.”

सगळे हसले. खिडकी जिंकली. पण आईचे कान लाल झाले होते, आणि आईचे कान कधी लाल होतात हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातली एक भोंगा, आणि दुसरे बाबा.

बाबा चष्मे बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. संध्याकाळी भोंगा तिथे जाऊन उभी राहिली तेव्हा ते एका भिंगाची कड घासत होते. तिने झालं ते सांगितलं. बाबांनी चाक थांबवलं.

“त्या कॉलेजात सहायक प्राध्यापकाला पाटी नसते,” ते म्हणाले. “सहयोगी झालं की मिळते. आईने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा परत आला. शेरा एकच, लेखन अपुरं.”

“अपुरं कसं? तिच्या कपाटात तर स्लाइडचे खोकेच्या खोके आहेत.”

“कपाटात आहे गं. कागदावर नाही.”

ते खोके भोंग्याने लहानपणापासून पाहिले होते. धुरात काम करणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसाचे पातळ, गुलाबी कापे. नऊ वर्षं आई ते जमवत होती. त्या बायका बहुतेक त्यांच्याच समाजातल्या, आणि त्यांचा खोकला कुणी मनावर घेतलेला नव्हता. आईला त्यात काहीतरी सापडलंही होतं. लिहायचं तेवढं राहिलं होतं.

“वेळ कुठाय तिला?” बाबा म्हणाले. “आपल्यातली तिथे शिकवायला गेलेली ती पहिली. अकरा वर्षं झाली, अजून पहिलीच. मग ज्या कमिटीला आपल्यातलं एक माणूस हवं, ती कमिटी हिलाच बोलावते. फोटो काढायचा, हिलाच बोलावतात. आणि आपल्यातलं, नाहीतर अशाच कुठल्या कोपऱ्यातलं पोर कॉलेजात रडकुंडीला आलं, की ते हिच्याच दारात. नाही म्हणणं तिला जमत नाही. ती शिकत होती तेव्हा तिला जायला असं दारच नव्हतं.”

मग बाबांनी आवाज खाली आणला. एका खासगी तपासणी-लॅबचं पत्र आलं होतं. ठरावीक वेळ, स्वतःची खोली, कमिट्या नाहीत. तिसरा अर्ज हा शेवटचा, नंतर नियमाने करता येत नाही. त्याला सात आठवडे उरले होते. “तेवढ्यात लिहून झालं तर ठीक, नाहीतर शिकवणं सोडून लॅबमध्ये जाते, म्हणाली.”

शिकवणं सोडलेली आई भोंग्याला डोळ्यांसमोर आणताच येईना. आई भाजी चिरतानासुद्धा शिकवायची.

ती आत गेली. “चुकलं माझं.”

“प्रश्न नव्हता चुकला,” आई म्हणाली. “उत्तर लांब होतं आणि बरणी समोर होती, एवढंच.”

सोमवारी आई घरी आली ती चपला पायात तशाच ठेवून खुर्चीत बसली. घड्याळबाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, “तुमच्या मुलीने चाळीस पोरांसमोर विचारलेला प्रश्न मीच विचारायला हवा होता. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतात तुम्ही.” मग त्यांनी कमिट्यांची यादी काढून आईच्या सहापैकी चार कमिट्यांवर पेन्सिलीने काट मारली. “यांवर मी जाते. मला फोटोत कुणी घेत नाही, बैठक लवकर संपेल.” दर बुधवारी दोन ते पाच आईने दार लावून लिहायचं. गुरुवारी ती पानं त्यांच्या टेबलावर.

“पण दार लावलं म्हणून वाजवणारे थोडेच थांबतात,” आई म्हणाली. “बाहेर कुणीतरी बसायला हवं. आणि त्यासाठी माणूस मागितला तर मंजूर व्हायला वर्ष जाईल.”

“मी बसते,” भोंगा तोंडातला घास न गिळताच म्हणाली. शाळेला सुट्टी लागतच होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “तिथे गप्प बसायचं काम नाही ना? मग जमेल हिला.”

चौदा नंबरबाहेर ठेवलेल्या स्टुलाचे तीन पाय धड होते आणि चौथा आखूड. त्यावर बसलं की माणूस सारखा मान डोलावतोय असं वाटायचं. भोंग्याने भूगोलाची जुनी वही उलटी करून मागच्या पानावर रकाने आखले: कोण, कशासाठी, किती घाई. पहिल्याच बुधवारी नऊ जण आले. तिला वाटलं होतं, तिघं-चौघं येतील आणि उरलेल्या वेळात गोष्टीचं पुस्तक वाचून होईल. कसलं पुस्तक अन् कसलं काय.

ऑफिसातले फोटोवाले काका आले. नवीन माहितीपत्रकासाठी मॅडमना पाच मिनिटं कोट घालून उभं राहायचं होतं.

“उभं राहायला जमणार नाही,” भोंगा म्हणाली. “त्या बसल्यात.”

“अगं, पाच मिनिटांचं काम.”

“मग पाच मिनिटं तुम्हीच उभे राहा ना, काका. कोट मी आणून देते.”

दुसऱ्या विभागाचे एक सर आले. त्यांना कुठेतरी भाषण होतं, त्यासाठी ‘तुमच्या लोकांबद्दल दोन शब्द’ हवे होते. भोंग्याने वहीचं कोरं पान काढलं. “दोनच ना? सांगते, लिहून घ्या. पहिला शब्द, माणसं.” सरांना दुसरा शब्द नको होता.

पण बाकीचे तसे नव्हते. एका मुलीबरोबर हॉस्टेलच्या खोलीत राहायला कुणी तयार नव्हतं. एकाचे वडील आजारी होते आणि रजेचा अर्ज कसा लिहायचा ते त्याला विचारायचं होतं. एक नवीन डॉक्टर आली, चांगली उंच, गळ्यात स्टेथोस्कोप. तिने खालच्या मानेने विचारलं, की पेशंटने “दुसरा डॉक्टर पाठवा” म्हटलं तर चेहरा कसा ठेवायचा, हे मॅडमना माहीत असेल ना. भोंग्याने ते वहीत लिहिलं, आणि लिहिताना तिचा हात जरा हळू चालला.

दाराआडून कळफलकाची टकटक ऐकू यायची. आई लिहीत होती. गुरुवारी पानं जायची आणि शुक्रवारी पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत यायची. एका समासात घड्याळबाईंनी लिहिलं होतं, ‘हे वाक्य उत्तम. म्हणजे याच्या आधीची चार नकोत.’ आई ते वाचून मोठ्याने हसली. “अकरा वर्षांत माझं लिहिलेलं कुणी इतकं नीट वाचलं नव्हतं,” ती म्हणाली.

तिसऱ्या बुधवारी भोंग्याच्या डोक्यात हवा गेलेली होती. अकरा जणांना तिने हसत-खेळत परत पाठवलं होतं. बारावी आली ती एक बारीकशी मुलगी, पहिल्या वर्षाची असावी. छातीशी निळी फाइल धरलेली. “दोन मिनिटं,” ती पुटपुटली.

“दोन मिनिटं कुणाचीच दोन नसतात. उद्या या. काम काय लिहू?”

मुलीने मान हलवली, फार पटकन, आणि गेली. भोंग्याने लिहिलं: एक मुलगी, काम सांगितलं नाही, घाई नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आई वही चाळत होती. रोज एकेकाला बोलावून घ्यायची तिची पद्धत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

“ही कोण?”

“नाव नाही सांगितलं. काल यायला सांगितलं होतं.”

“काल कुणी आलं नाही. हातात काय होतं?”

“फाइल. निळी.”

आईने वही मिटली. “निळी फाइल ऑफिस एकाच कामासाठी देतं. कॉलेज सोडायचा अर्ज असतो तिच्यात.” ती उठली आणि चपला शोधायला लागली. “म्हणून मी दार लावत नाही. दार लावलं की जे माणूस आत यायला हवं, नेमकं तेच बाहेर राहतं. बुधवार बंद. पेपर गेला चुलीत.”

भोंगा तिच्या मागोमाग निघाली. रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही. आईने दोनदा मागे वळून पाहिलं, आहे ना म्हणून.

कॉलेजचं ऑफिस सहापर्यंत उघडं असायचं. आई तिकडे धावली, अर्ज दिला गेलाय का बघायला. भोंगा हॉस्टेलच्या पायऱ्या चढली आणि तीन दारं वाजवल्यावर तिला ती सापडली. पलंगावर बॅग भरून, वर दोरी बांधून तयार होती.

“तू ती दारावरची,” मुलगी म्हणाली.

“हो. माफी मागायला आले.”

“तू तुझं काम केलंस.”

एवढंच वाक्य, पण त्याच्या शेवटाला जो हेल होता तो भोंग्याच्या घरचा होता. भोंगा सरळ जमिनीवर बसली.

हळूहळू कळलं ते असं. तोंडी परीक्षेच्या सरावात या मुलीने उत्तर दिलं, बरोबरच दिलं, आणि सरांनी विचारलं, “हे कुठलं बोलणं?” वर्ग हसला. त्या दिवसापासून उत्तर डोक्यात यायचं आणि घशात अडकायचं. खरी परीक्षा महिन्यावर होती. न बोलता तोंडी परीक्षा कशी देणार? त्यापेक्षा घरी गेलेलं बरं.

“मी तीन वर्षं बोलले नाही,” भोंगा म्हणाली. “बाईंना पाणी प्यायला जाऊ का विचारायची पण चोरी. एकदा तहानेने मरायचीच बाकी होते.”

“तू?” मुलीने तिच्याकडे असं पाहिलं, की हिच्या तोंडाला कुलूप लागेल यावर कोण विश्वास ठेवेल.

“मग मी बाबांच्या दुकानात सराव केला. हे कुणालाच माहीत नाही हं, घरी पण नाही. तिथे दोनशे चष्मे टांगलेले असतात. त्यांच्यासमोर उभी राहून रोज बातम्या वाचायचे, आपल्याच हेलात. दोनशे चष्मे टक लावून बघायचे, पण एकानेही नक्कल केली नाही.”

मुलगी हसली. आवाज न करता, पण खांदे हलले.

“तू बुधवारी माझ्याशेजारी बस,” भोंगा म्हणाली. “एकच वाक्य म्हणायचं, ‘मॅडम कामात आहेत, काय निरोप?’ आपल्या बोलण्यात. जो हसेल त्याचं नाव मी वहीत लिहीन.”

“आणि मग?”

“मग काय, वही आईकडे जाते.”

मुलीने बॅगेची दोरी काही सोडली नाही. पण भोंगा दारापर्यंत गेल्यावर तिने मागून विचारलं, “किती वाजता?”

खाली पायरीवर आई उभी होती. अर्ज अजून दिला गेला नव्हता. “ती बुधवारी दोनला येतेय,” भोंग्याने सांगितलं. “आता तू बुधवार बंद कसा करणार? ती येईल आणि आत कुणी लिहीतच नसेल, तर ती काय सांगणार लोकांना?”

आईने भोंग्याच्या केसांवरून हात फिरवला. तिचे कान लाल झाले होते, पण तेव्हा बरणीसमोर झाले होते तसे नाही.

चौथ्या बुधवारी निळ्या फाइलवालीने ते वाक्य सात वेळा म्हटलं, सातही वेळा स्वतःच्या पायांकडे बघत. पाचव्या बुधवारी तिने मान वर केली. फोटोवाले काका पुन्हा आले तेव्हा भोंगा तोंड उघडणार तोच तिने म्हटलं, “मॅडम कामात हायेत, काय निरोप?” इतक्या ठसक्यात, की काकांनी निरोप दिला आणि आभारही मानले.

सहाव्या बुधवारपर्यंत कुणीतरी एक बाकडं आणून ठेवलं होतं. हॉस्टेलमध्ये एकटी पडलेली मुलगी आली, ती निळ्या फाइलवालीला तोंडी परीक्षेचे प्रश्न विचारत बसली, आणि महिन्याच्या शेवटी त्या दोघींनी एक खोली मागितली. रजेचा अर्ज लिहायला शिकलेल्याने तो आणखी दोघांना शिकवला. ती उंच डॉक्टर आली आणि म्हणाली, चेहरा कसा ठेवायचा ते आता मला जमतं, कुणाला हवं असेल तर सांगते. निम्मे प्रश्न दारापर्यंत पोचायच्या आधीच सुटायला लागले. दंगा वाढला की कुणीतरी बोटाने दाराकडे खूण करायचं, मग सगळे गप्प होऊन आतली टकटक ऐकायचे.

धुरातल्या बायकांवर आईने दोन पेपर लिहिले, एक छोटा, एक मोठा. छोटा छापायला घेतल्याचं पत्र फाइल द्यायच्या आदल्याच दिवशी आलं. मोठा तपासणाऱ्यांकडे गेला होता.

फाइलच्या शेवटच्या पानावर ‘इतर कार्य’ असा रकाना होता, त्याला जागा एका ओळीची. आईने लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. घड्याळबाईंनी ती ओळ वाचली आणि भोंग्यापुढे हात केला. “ती वही दे.”

त्यांनी उभ्यानेच सगळी पानं उलटली. “सहा दुपारी, त्रेसष्ट माणसं,” त्या म्हणाल्या. “आणि तेही दार बंद असताना.” मग त्यांनी दारावरच्या चौदा नंबरकडे पाहिलं. “माझ्या दारावर पाटी लागून वीस वर्षं झाली. माझ्याकडे इतकी कधी आली नाहीत.”

‘कोण’ हा रकाना वगळून बाकी सगळं त्यांनी टाइप करून घेतलं आणि फाइलला जोडलं. टाइप करणाऱ्याने निरोप पाठवला, वहीच्या पुढच्या बाजूला नद्यांचा नकाशा आहे, तोही जोडायचा का?

त्या दिवशी घड्याळबाई कॉलेजातून बारा मिनिटं उशिरा निघाल्या. कॉलेजात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

निळ्या फाइलवाली तोंडी परीक्षेत पास झाली. अगदी काठावर, पण स्वतःच्या आवाजात. शाळा सुरू झाल्यावर बुधवारी स्टुलावर मीच बसणार, असं तिने परस्पर जाहीर करून टाकलं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी स्टूल दुरुस्तीला घरी आलं होतं. बाबा ते उलटं करून त्या आखूड पायाखाली लावायला काहीतरी शोधत होते. चामड्याचा तुकडा पातळ पडला. पुठ्ठा जास्त जाड झाला. आई उठली, आत गेली आणि लॅबचं पत्र घेऊन आली. ते पाकिटासकट चार घड्या करून तिने पायाखाली दाबून बघितलं.

“हे बसतंय,” ती म्हणाली. “लावून टाका.”

बाबांनी वर पाहिलं. “निकालाला अजून दोन महिने आहेत. अर्ज परत आला तर?”

“आला तर आला. चौदा नंबर आहेच की. शोधणाऱ्यांना सापडतो तो.”

बाबांनी चार बारीक खिळे मारून पत्र पक्कं बसवलं आणि स्टूल सरळ केलं. ते हललं नाही. भोंगा त्यावर चढून उभी राहिली, दोन्ही हात पसरून, नीट तपासायला.

“मी एक ठरवलंय,” ती वरून म्हणाली. “डॉक्टर होणार. थांबा, हसू नका, पुढे आहे. दवाखाना काढणार नाही. आईच्या कॉलेजात शिकवणार, म्हणजे आई पहिली ती पहिलीच राहिली, असं कुणी म्हणायला नको. माझं दार पण बुधवारी दोन ते पाच बंद असेल. आणि बाहेर या स्टुलावर तुम्ही दोघांनी बसायचं, आळीपाळीने. वही मी देईन.”